खडा गेला, पुढे?

आज युरोलॉजीची पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या तरुण डॉक्टरांनो,

मुतखड्याचा रुग्ण आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "फाडावं लागेल का?" त्याला "नाही, दुर्बिणीनं होईल" हे सांगता यावं म्हणून पुष्कळांनी उमेदीची वर्षं खर्च केली आहेत. १९७६ साली स्वीडनच्या फर्नस्ट्रॉम आणि योहान्सन यांनी पाठीतल्या छिद्रातून खडा काढण्याची पद्धत जगापुढे ठेवली. १९८० मध्ये म्युनिकला शॉकवेव्हनं शरीराबाहेरूनच खडा फुटला. ते यंत्र डोर्निअर या विमानं बनवणाऱ्या कंपनीचं! पुढे पाठीतलं छिद्रही लहान होत गेलं. एके काळी आठ-दहा मिलिमीटरचं असलेलं छिद्र, २०११ मध्ये नडियादच्या डॉ. महेश देसाई आणि सहकाऱ्यांनी मायक्रोपर्क ही पद्धत मांडली तेव्हा दीड मिलिमीटरच्या आसपास आलं.

आता यापुढे छिद्र आणखी किती लहान करणार? मला त्या चढाओढीत फारसा रस उरलेला नाही.

खरा प्रश्न किडनीच्या आतल्या दाबाचा आहे. लघवीच्या वाटेनं गेलेल्या दुर्बिणीतून थुलियम फायबर लेझर खड्याची पावडर करतो, रुग्णालाही आपण तेच सांगतो. पण ती पावडर धुऊन काढायला पाणी सोडावं लागतं आणि त्याला परतायला वाट नसली की आतला दाब चढतो. खड्यात जंतू दडलेले असतील तर ते रक्तात शिरतात. बाहेरून ओरखडाही नाही आणि रात्री रुग्ण थंडीनं कुडकुडत आयसीयूत. म्हणून पाणी आणि पावडर ओढून घेणाऱ्या सक्शन शीथ आणि दाब मोजणाऱ्या दुर्बिणी यांच्याकडे मी आशेनं पाहतो. सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात तर अल्ट्रासाउंडच्या लहरींनी, भूल न देता, खडा फोडण्याचे प्रयोग माणसांवर झाले आहेत. ते साधलं तर आपल्या थिएटरातली बरीच गर्दी हटेल. हटू द्या.

खडा काढला म्हणून रोग गेला असं मात्र नाही. काळजी घेतली नाही तर पाच-दहा वर्षांत जवळपास निम्म्यांना पुन्हा खडा होतो. "दिवसाला अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्या," हे सांगणं सोपं. उसाच्या फडात आडोसा नाही म्हणून दिवसभर घोटभर पाण्यावर राहणाऱ्या बाईला ते कसं सांगणार, याचं उत्तर कुठल्याही लेझर कंपनीकडे नाही.

तिच्या पोटात स्टेंट, म्हणजे किडनीतून लघवी उतरावी म्हणून घालतात ती तात्पुरती नळी, ठेवला असेल तर गोष्ट आणखी अवघड. कळा थांबल्या की माणूस दवाखाना विसरतो, आणि आत राहिलेल्या स्टेंटवरच नवे खडे चढतात. दिवाळीच्या सुमाराला बीडहून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, त्या पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, परतत नाहीत. तेव्हा कोयत्यावर जाणाऱ्या रुग्णाला विचारूनच स्टेंट काढण्याची तारीख ठरवा, ती वहीत नोंदवा, आणि फोन तुमच्याकडून जाऊ द्या. शेजारी मुकादमाचाही नंबर लिहून ठेवा. बहुतेक वेळा तोच लागतो.