निदान साभार परत तरी



कविता लिहिणाऱ्या माणसानं रेडिओवर येऊन मेल सर्व्हरबद्दल बोलावं, हे तुम्हाला थोडं विचित्र वाटेल. पण कवितेवर कुणाचं घर चालत नाही. माझं घर चाललं ते सातारा जिल्ह्यातल्या एका शिक्षण संस्थेच्या कचेरीतल्या नोकरीवर. मी बी.ए., तेही मराठी विषय घेऊन. आवक-जावक हे माझं टेबल. २००९ साली संस्थेनं स्वतःचा मेल सर्व्हर बसवला, तेव्हा साहेब म्हणाले, "टपाल तुमच्याकडेच आहे ना? मग हेही टपालच." गावातल्या कॉम्प्युटरच्या दुकानातला एक मुलगा आला, दोन दिवसांत सगळं जोडून, एका वहीत चार पानं लिहून देऊन गेला. पुढचं मी पुस्तकं वाचून, चुकतमाकत शिकलो. त्यातली एक चूक आज सांगायची आहे.

ई-मेल वापरणाऱ्या प्रत्येकाला स्पॅम माहीत आहे. तुम्हाला लॉटरी लागली आहे, अमुक देशातल्या मंत्र्याची विधवा तुमच्या नावावर पैसे ठेवू पाहते आहे, वगैरे. असलं पहिलं पत्र १९७८ साली अमेरिकेत एका संगणक कंपनीच्या विक्रेत्यानं जवळपास चारशे जणांना एकदम पाठवलं होतं. स्पॅम हे नाव मात्र नंतरचं. ते मुळात डबाबंद डुकराच्या मांसाचं नाव, आणि १९७० सालच्या एका इंग्रजी विनोदी कार्यक्रमातून ते या कचऱ्याला चिकटलं. उपाहारगृहातल्या प्रत्येक पदार्थात स्पॅम, नको म्हटलं तरी स्पॅम, असा तो प्रवेश होता. म्हणजे आमच्या घरी ही वस्तू दोन्ही अर्थांनी निषिद्ध!

हा कचरा अडवायला आमच्या सर्व्हरवर स्पॅमअसॅसिन नावाचा फिल्टर होता. फुकट मिळतो, जगभर वापरतात. त्याचं काम पेपर तपासण्यासारखं, फक्त उलटं. जितके गुण जास्त, तितकं पत्र वाईट. पाठवणाऱ्याचा पत्ता संशयास्पद, द्या गुण. मजकुरात औषधांची जाहिरात, द्या गुण. बेरीज पाचावर गेली की पत्र स्पॅम. या पाचाच्या आकड्यात काही दैवी नाही, तो तुम्हाला बदलता येतो.

त्याच्याकडे आणखी एक कसब असतं, शिकण्याचं. थॉमस बेझ नावाचा एक इंग्रज धर्मोपदेशक १७६१ साली वारला, आणि संभाव्यतेवरचा त्याचा निबंध मागाहून, १७६३ मध्ये, उजेडात आला. त्याच्या गणितानं शब्दांवरून कचरा ओळखता येईल, हे पॉल ग्रॅहम यानं २००२ साली एका लेखात मांडलं आणि ती पद्धत सगळीकडे पसरली. फिल्टरला निदान दोनशे वाईट आणि दोनशे चांगली पत्रं दाखवायची. मग कुठला शब्द कुठल्या ढिगात जास्त येतो, हे तो स्वतःच टिपून ठेवतो. शब्दांचा असा हिशेब ठेवणारं यंत्र पाहून मी तर खूश झालो होतो. समीक्षकसुद्धा इतक्या बारकाईनं वाचत नाहीत.

आता माझी चूक. त्या फिल्टरला पत्राची भाषा ओळखण्याची एक सोय जोडता येते. आपल्याला कुठल्या भाषा चालतात ते एका ओळीत लिहायचं. न चालणाऱ्या भाषेतल्या पत्राला तो जवळजवळ तीन गुण देऊन टाकतो. त्या काळात चिनी आणि रशियन लिपीतला कचरा फार येत होता. मी एका पुस्तकातलं उदाहरण जसंच्या तसं उतरवून काढलं. त्या ओळीत एकच भाषा होती, इंग्रजी.

त्या भाषांच्या यादीत मराठीही आहे, श्रोतेहो. हिंदी आहे, नेपाळी आहे, संस्कृतही आहे. यंत्र बनवणाऱ्यांनी मराठीची आठवण ठेवली होती. मी विसरलो. मी, ज्याचे तोवर दोन कवितासंग्रह निघाले होते, मीच माझ्या सर्व्हरला सांगून बसलो की मराठी नको.

सुरुवातीला काही बिघडलं नाही. २००९ मध्ये आमच्याकडे देवनागरीत मेल येतच नसत. कुणी रोमन लिपीत दोन ओळी लिही, आणि इतक्या छोट्या मजकुराची भाषा तो फिल्टर ठरवू शकत नाही, सोडून देतो. बाकीचे मराठी अर्ज वेगळी फाइल जोडून यायचे. मग हळूहळू लोकांच्या हातात देवनागरी टाइप करता येणारे फोन आले. लोक आपल्या भाषेत लिहू लागले, आणि तिथूनच अडकू लागले. अडकलेली पत्रं संशयित कप्प्यात जात आणि तीस दिवसांनी आपोआप पुसली जात. त्यावर कडी म्हणजे मी सर्व्हरला नेमून दिलं होतं की दर रविवारी रात्री या कप्प्यातला माल 'हा स्पॅम' म्हणून शिकत जा. म्हणजे आधी तो मराठी पत्रं अडवायचा, मग त्यातले शब्द वाईट म्हणून पाठ करायचा, आणि पुढच्या आठवड्यात त्याच शब्दांसाठी आणखी गुण द्यायचा. 'महोदय', 'विनंती', 'कृपया', 'आपला विश्वासू'. असे शब्द त्यानं पाठ केले होते.

२०१४ सालचा एक दिवस. आमच्या मुलींच्या वसतिगृहात चिपळूणपलीकडची एक मुलगी होती. वडील कुवेतला ड्रायव्हर. मुलीला घरी सोडायचं तर पालकांचं पत्र त्यांच्या नोंदवलेल्या पत्त्यावरूनच यायला हवं, असा वसतिगृहाचा नियम. पूर्वी खोट्या फोनवर मुलींना नेण्याचे प्रकार झाले होते, त्यामुळे नियमही चुकीचा नव्हता. त्या दिवशी पहाटे मुलीची दादी वारली. वडिलांचा कुवेतहून फोन आला. रेक्टरबाई म्हणाल्या, "मेल करा, लगेच सोडते." त्यांनी नऊ वाजता मेल केला. आला नाही. फोन केला, दुपारी बारा वाजता पुन्हा पाठवला. नाही. मुलगी बॅग भरून कचेरीच्या बाकावर बसलेली. मला विचारलं गेलं. मी आवक पाहिली आणि खात्रीनं सांगितलं, "आलेला नाही." संशयित कप्पा उघडून पाहायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

साडेतीनच्या सुमाराला त्यांनी कुणा सहकाऱ्याकडून इंग्रजीत चार ओळी लिहून घेतल्या. त्या मिनिटभरात आल्या.

आमच्यात मय्यत फार वेळ ठेवत नाहीत. तरी घरच्यांनी मुलीसाठी मगरिबपर्यंत वाट पाहिली. ती कुंभार्ली घाट उतरून एस.टी.नं पोचली तेव्हा नऊ वाजले होते. दफन होऊन गेलं होतं.

त्या रात्री मी कप्पा उघडला. दोन्ही पत्रं तिथं होती. प्रत्येक पत्राच्या माथ्यावर फिल्टर गुणपत्रिका लिहून ठेवतो, ती वाचली. नको असलेली भाषा, जवळजवळ तीन. शब्दांवरून आलेला संशय, साडेतीन. एकूण सहाच्या वर. नापास. पत्रात होतं काय, तर 'माझी आई आज पहाटे अल्लाच्या घरी गेली, माझ्या मुलीला सोडावे ही नम्र विनंती.'

आणि ती दोनच पत्रं नव्हती. शंभरावर मराठी पत्रं त्या कप्प्यात पडली होती, आणि ही फक्त त्या महिन्याची. फी हप्त्यानं भरू द्या म्हणणारा बाप. शिष्यवृत्तीच्या अर्जात जन्मतारीख चुकली म्हणून विचारणारी मुलगी. आमचेच एक निवृत्त शिपाई, पेन्शनच्या कागदासाठी तीनदा लिहिलेले. त्याआधीच्या महिन्यांत काय काय पुसलं गेलं, ते कधीच कळणार नाही. इंग्रजीत लिहिणाऱ्यांना मात्र उत्तरं मिळत होती. मला सर्वांत लागलं ते हे की एकानंही तक्रार केली नव्हती. कचेरीकडून उत्तर न येण्याची आपल्या माणसाला इतकी सवय असते.

फिल्टरच्या चुका दोन प्रकारच्या. कचरा आत आला तर तो दिसतो, आपण चिडतो, साहेब बोलावून घेतात. चांगलं पत्र बाहेर राहिलं तर काहीच दिसत नाही. म्हणून सगळे पहिल्या चुकीच्याच मागे लागतात. मीही लागलो होतो.

भाषेची ती ओळ मी त्याच रात्री काढून टाकली. शिकलेलं सगळं पुसलं आणि मराठी पत्रं 'चांगली' म्हणून हातानं निवडून त्याला नव्यानं शिकवलं. पण खरा बदल वेगळा होता. आमच्या पिढीच्या कवींना 'साभार परत' हा शब्द चांगला माहीत आहे. कविता मासिकाकडे पाठवताना सोबत पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट ठेवायचं. कविता नापसंत झाली की ते पाकीट घरी यायचं. वाईट वाटायचं, पण निकाल कळायचा. कविता दुसरीकडे पाठवता यायची. जी मासिकं काहीच कळवत नसत, त्यांच्यासाठी वर्षवर्ष पोस्टमनची वाट पाहिली आहे.

मेल सर्व्हरलाही साभार परत करता येतं. दुसरा सर्व्हर पत्र घेऊन दाराशी येतो, तेव्हा दोघांत आकड्यांचं संभाषण होतं. आपण २५० म्हटलं की पत्र स्वीकारलं, आता जबाबदारी आपली. ५५० म्हटलं की घेत नाही. नकार दारातच दिला तर पाठवणाऱ्याचा सर्व्हर त्याला कळवतो की तुझं पत्र पोचलं नाही. आधी घेऊन मग परत पाठवत बसणंही वाईट, कारण कचऱ्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता बहुधा खोटा असतो आणि परतीचं पत्र कुणा निरपराध माणसाच्या दारात जाऊन पडतं. म्हणून तपासणी दारात. आता दहाच्या वर गुण असतील तर आम्ही दारातूनच परत करतो. नकारासोबत एक ओळ देता येते. ती इंग्रजीतच द्यावी लागते, म्हणून अगदी साधी ठेवली आहे आणि पुढे कचेरीचा फोन नंबर. पाच ते दहा गुणांची पत्रं संशयित कप्प्यात जातात. तो कप्पा मी सकाळ-संध्याकाळ स्वतः वाचतो.

राहिली व्हाइटलिस्ट. म्हणजे ज्यांना अडवायचंच नाही अशांची यादी. पालकांचे पत्ते वसतिगृहाच्या रजिस्टरात होते, पण सर्व्हरला ते कधी कुणी सांगितले नव्हते. मी अपराधी मनानं चारशेच्या वर पत्ते एका बैठकीत त्या यादीत टाकले. यादीतल्या नावाला फिल्टर वजा शंभर गुण देतो. मग त्यानं काहीही लिहावं, पत्र आत येणारच.

दुसऱ्याच वर्षी गणपतीच्या आधी एका पालकाचा मेल मुलांच्या वसतिगृहात आला. मुलाला आठ दिवस घरी सोडावे. रेक्टरसाहेबांनी मान वर केली, तर तेच पालक समोर खुर्चीवर बसलेले, फी भरायला आलेले. चौकशी केली तेव्हा पत्र आमच्याच कॉम्प्युटर रूममधून निघालेलं. मुलानं 'प्रेषक' या जागी वडिलांचा पत्ता लिहिला होता, बस्स. प्रेषकाचं नाव कुणीही काहीही लिहू शकतो, पाकिटामागे लिहितो तसंच. माझी यादी नुसतं नाव वाचून सलाम करत होती.

तेव्हा मला कळलं की नाव पुरेसं नाही, नावाला ओळख जोडावी लागते. एक सोय अशी की कुठल्या सर्व्हरनं आपली पत्रं पाठवायची, हे डोमेनचा मालक जाहीर करून ठेवतो. तिला एसपीएफ म्हणतात. दुसरी, डीकेआयएम, म्हणजे पत्रावरची लाखेची मोहर. वाटेत मजकूर बदलला तर मोहर जुळत नाही. आमच्या यादीतल्या पत्राला आता यापैकी एक खूण जुळली तरच वजा गुण मिळतात. गूगल आणि याहूनं २०२४ च्या फेब्रुवारीपासून मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना या दोन्ही खुणा सक्तीच्या केल्या. आमच्या त्या मुलाच्या कृपेनं आम्ही आधीच शहाणे झालो होतो.

नाव वाचून ठरवण्याचा थोडा अनुभव मला टपालाबाहेरही आहे. १९९९ साली भाड्यानं खोली शोधत होतो. मी नाव सांगेपर्यंत खोली रिकामी असायची. असो. २०२२ च्या शेवटी स्पॅमअसॅसिनची चौथी आवृत्ती आली. त्यात इंग्रजीखेरीज इतर भाषांतला मजकूर वाचण्यात बरीच सुधारणा झाली, आणि 'व्हाइटलिस्ट' हा शब्द बदलून 'वेलकमलिस्ट' केला गेला. पांढरं ते चांगलं आणि काळं ते वाईट, ही भाषा त्यांना नको होती. मी आमच्या वहीत 'स्वागतयादी' असं लिहून घेतलं.

कुवेतचे ते वडील पुढच्या वर्षी सुट्टीवर आले तेव्हा मुलीला भेटायला आले होते. मी त्यांना कचेरीत बसवून चहा मागवला आणि सगळं सांगितलं, ती ओळ कुणी लिहिली तेसुद्धा. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "साहेब, मला वाटलं माझंच मराठी चुकलं." निघताना त्यांनी विचारलं, "आता मराठीत लिहिलं तर पोचेल ना?" मी म्हटलं, "पोचेल. नाही पोचलं तर तुम्हाला कळेल."

मुलगी २०१६ साली पदवी घेऊन गेली. नियमाप्रमाणे मुलं बाहेर पडली की पालकांचा पत्ता स्वागतयादीतून काढायचा असतो, जुनी नावं ठेवणं धोक्याचं. दर जूनमध्ये मी यादी साफ करतो. तो एक पत्ता अजून काढलेला नाही.