भिंतीवरच्या लढाया



वेदान्तापासून अर्थकारणापर्यंतचे विषय जिथे बोलले जातात तिथे आम्ही दिवाणखान्याच्या भिंतीवर बोलायला उभे राहावे, याचे कुणाला हसू आले तर आमची तक्रार नाही. पण या भिंतींवर अलीकडे लढाया येऊ लागल्या आहेत. इंग्रजी अमदानीतली जुनी युद्धचित्रे ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर छापून मिळतात, आणि हौशी माणसे ती सोफ्यामागे, कचेरीत, हॉटेलच्या जिन्यात लावतात. चित्र दिसते देखणे. काच लागत नाही, कोकणातल्या पावसाळ्यात बुरशी धरत नाही. मग बिघडले कुठे?

आधी वस्तू समजून घेऊ. मूळ चित्र तांब्याच्या पत्र्यावर उलटे कोरीत. रेघांच्या खाचांत शाई भरायची, वरची पुसून काढायची, ओलसर कागद ठेवून रुळाखालून दाबून काढायचा. खाचेतली शाई कागद ओढून घेतो. ही विद्या आपल्याला परकी नव्हती. १८०५ साली मिरजेला भगवद्गीता छापली गेली ती तांब्याच्या कोरीव पत्र्यांवरूनच. आजची रीत निराळी. चित्र आधी खास कागदावर रंगांनी छापतात, लेप दिलेल्या पत्र्यावर तो कागद ठेवून सुमारे दोनशे अंश उष्णतेत दाबतात. रंगाची वाफ होऊन ती लेपात मुरते. म्हणजे तांब्यावरून कागदावर उतरलेली लढाई दोनशे वर्षांनी पुन्हा धातूवर चढली. फरक एवढाच की, जुन्या चित्रातला पांढरा भाग हा कागदाचा मवाळ पांढरा होता. पत्रा उघडा ठेवला तर तिथे आता धातू चकाकतो. तोफेचा धूर चांदीसारखा दिसतो. युद्ध जरा जास्तच सुंदर होते, असे आमचे मत आहे.

आता एक चित्र घेऊ. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले आणि टिपू सुलतान मारला गेला. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये रॉबर्ट केर पोर्टर नावाच्या बाविशी-तेविशीतल्या चित्रकाराने या हल्ल्याचे शंभर फुटांहून लांब, अर्धवर्तुळाकार चित्र मांडले. लोक तिकीट काढून पाहायला लोटले. पोर्टरने तोवर हिंदुस्थान पाहिलेला नव्हता! ते प्रचंड चित्र आज उरलेले नाही. उरली ती व्हेंद्रामिनी या इटालियन कारागिराने त्यावरून १८०२-०३ च्या सुमारास बारीक ठिपक्यांनी कोरलेली चित्रे, आणि तीच आता पत्र्यावर येतात. तटाच्या खिंडारात तलवार उंचावलेला जनरल बेअर्ड, भोवती लाल डगल्यांची गर्दी, आणि पायाशी पडलेले म्हैसूरचे शिपाई. पाहणाऱ्याला वाटते, चित्रकार तिथेच एका बाजूला उभा होता.

कुणी म्हणेल, जेत्यांची चित्रे ती, काढून टाका. इतके सोपे नाही. भिंतीवर लढाई रंगवण्याची हौस खुद्द टिपूलाही होती. श्रीरंगपट्टणच्या दर्या दौलत बागेत पोल्लिलूरच्या लढाईचे भले थोरले भित्तिचित्र आहे. १० सप्टेंबर १७८० रोजी हैदर आणि टिपू यांनी कर्नल बेलीची फौज तिथे बुडवली. चित्रात इंग्रजांचा चौकोनी व्यूह कोंडला आहे, दारूचा गाडा भडकून उडतो आहे, आणि जखमी बेली पालखीत बसला आहे. टिपू पडल्यावर त्या महालात राहायला आला आर्थर वेलस्ली, पुढचा वेलिंग्टन. आपल्याच लोकांच्या पराभवाचे ते चित्र त्याने खरवडून टाकले नाही, उलट दुरुस्त करवले. पोल्लिलूरला पकडले गेलेल्यांत तरुण बेअर्डही होता. श्रीरंगपट्टणच्या कैदेत त्याने तीनेक वर्षांहून अधिक काळ काढला. एकोणीस वर्षांनी खिंडारात तलवार उंचावतो तो हाच. दोन्ही चित्रे शेजारी ठेवली की गोष्ट पुरी होते. एकटे दुसरेच सोफ्यामागे लावले तर सूड दिसत नाही, नुसता पराक्रम दिसतो.

आणि आपले हात कोरडे आहेत असेही कुणी समजू नये. शनिवारवाड्यातल्या दरबाराचे एक चित्र पुण्याच्या माणसाला विशेष प्रिय असते. गादीवर सवाई माधवराव, जवळ नाना फडणीस, समोर इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट. थॉमस डॅनियलने ते १८०५ मध्ये लंडनमध्ये प्रदर्शित केले आणि पुढे चार्ल्स टर्नरने तांब्यावर उतरवले. वाडा १८२८ च्या आगीत जळाला, म्हणून गणेश महालाची ही आठवण मोलाची. दरबार १७९० चा. डॅनियल त्याला हजर नव्हता. त्याने जेम्स वेल्सची रेखाटने वापरली, आणि वेल्स तर मुंबईत उतरला १७९१ मध्ये. बरे, या दरबारात चालले आहे काय? पेशवे, निजाम आणि इंग्रज यांनी मिळून टिपूवर चालून जाण्याचा तह. गालिचे, दागिने, कमानी आपण मोठ्या प्रेमाने न्याहाळतो. ते कागद कशाचे, हे विचारत नाही. सत्तावीस वर्षांनी त्याच वाड्यावर इंग्रजांचे निशाण लागले होते.

हे विचारायचे कसे, याची सोय मात्र त्या कारागिरांनीच करून ठेवली होती. बहुतेक खोदचित्रांच्या तळाशी एक पट्टी असते. डावीकडे चित्रकाराचे नाव, उजवीकडे कोरणाऱ्याचे, मध्ये शीर्षक, आणि खाली कुणी, कोणत्या तारखेला प्रसिद्ध केले ते. १७३५ च्या इंग्रजी कायद्याने चित्राच्या मालकाला हक्क दिला, पण नाव आणि तारीख पत्र्यावर कोरण्याची अट घातली. म्हणजे बाजारातल्या माणसांच्या भांडणातून आलेली ही ओळ. तीच आज आपल्याला सांगते की, हे चित्र रणांगणावर नव्हे, लंडनच्या दुकानात जन्मले.

पत्र्यावर छापताना पहिली कात्री लागते ती नेमकी या पट्टीवर. चित्र कडेपर्यंत भिडले म्हणजे शोभते, असे दुकानदार सांगतो आणि गिऱ्हाईक मान डोलावते. घरातले पोर वर पाहून विचारते, हे कोण? वडिलांनाही ठाऊक नसते.

म्हणून आमचे म्हणणे इतकेच की, लावायचे तर खुशाल लावा, पण पट्टीसकट लावा. मोठ्या संग्रहालयांनी पुष्कळ चित्रांच्या प्रती समासासह ठेवल्या आहेत; तीच प्रत दुकानदाराला द्यावी आणि खालची पट्टी ठेव म्हणून आधीच बजावावे. पत्रा थोडा उंच होईल, खर्च थोडा वाढेल. लावतानाही तो छताशी टांगू नये. तळाची अक्षरे उभ्या माणसाला वाचता येतील इतका खाली असावा. इंग्रजी अक्षरे फार बारीक असली तर शेजारी चार ओळींचा मराठी कागद डकवायला हरकत नाही. श्रीरंगपट्टणच्या खिंडाराखाली आम्ही तरी एवढे लिहू : चित्रकार तेथे नव्हता, आणि तलवार उगारणारा याच गावात पूर्वी कैदी होता.