पाण्याचा वाटा कोण ठरवतो?



पाण्यावरून भांडणे होतात ती पाणी कमी असते म्हणून, असे आपण धरून चालतो. मला ते अपुरे वाटते. टंचाई माणसे निमूट सोसतात. आपला वाटा आपल्याला न विचारता दुसऱ्याला दिला गेला की पेटतात. आपल्या वर्धा नदीचेच पाहा. मोर्शीजवळ सिंभोऱ्याला अप्पर वर्धा धरण आहे, उपयुक्त साठा सुमारे ५६४ दशलक्ष घनमीटर (दलघमी). अमरावती शहर तेच पाणी पिते आणि रब्बीतला गहू-हरभराही त्याच्याच कालव्यावर. त्यातले वर्षाला ८७.६ दलघमी, म्हणजे शंभरातले साधारण पंधरा वाटे, नांदगाव पेठच्या औष्णिक वीज प्रकल्पाला मंजूर झाले. निर्णय राज्य सरकारच्या उच्चाधिकार समितीने मुंबईत घेतला. लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्याला तो नंतर कळला. मग मोर्चे निघाले, प्रकरण कोर्टात गेले. पाणीवाटप लोकांसमोर व्हावे या अपेक्षेने २००५ साली जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला होता. २०११च्या दुरुस्तीने क्षेत्रनिहाय वाटपाचा अधिकार मंत्रिमंडळाकडे गेला आणि समितीच्या जुन्या मंजुऱ्यांना संरक्षण मिळाले. त्याच वर्षी राज्याच्या जलनीतीत शेतीला उद्योगाच्या आधी स्थान मिळाले खरे, पण दिलेले पाणी त्याने परत आले नाही.

यावर कोणी म्हणेल, वीज नको का, रोजगार नको का? हवेच. आज पदवी घेणाऱ्या तुमच्यातल्या अनेकांना शेतीबाहेरच काम शोधावे लागेल. पण उद्योगाला धरणाचेच पाणी लागते असे नाही. नागपूरच्या भांडेवाडीत शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जाते. विदर्भातलाच हा दाखला आहे. दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: शेतकरीच पाणी वाया घालवतो. वरच्या पाटसरीवरचा रात्रभर वावर भिजवतो आणि कालव्याच्या शेवटच्या टोकावरचा कोरडा राहतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र त्यालाही उत्तर सापडलेले आहे. नाशिक जिल्ह्यातल्या वाघाड धरणावर १९९०च्या दशकात शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या. पाणी मोजून घ्यायचे, मोजून वाटायचे, पाणीपट्टी स्वतः गोळा करायची. पुढे सगळ्या प्रकल्पाचे व्यवस्थापन त्या संस्थांकडे आले. धरण तेच राहिले, पाऊसही तसाच. बदलला तो हिशेब, आणि तो सगळ्यांना दिसू लागला. आपल्या वाट्याचा आकडा ठाऊक असलेला माणूस शेजाऱ्याशी बोलायला तयार होतो.

सिंचन व्यवस्थापनात शेतकऱ्यांच्या सहभागाचा कायदाही २००५चाच, आणि तो वऱ्हाडालाही लागू आहे. कागदावर संस्था पुष्कळ आहेत; सभा भरवणारे, नोंदी वाचणारे कमी पडतात. तुम्हाला आकडेमोड येते, शासनाचा कागद वाचता येतो. येत्या रब्बीच्या पाण्याच्या पहिल्या पाळीआधी आपल्या गावच्या पाणी वापर संस्थेत जा आणि मंजूर कोटा किती, प्रत्यक्ष किती आले, हा हिशेब मागा. संस्था नसेल, तर ती काढण्यासाठी पुढाकार घ्या.