मद्यपी चालकाची अटक आणि अपील
(वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्या कित्येक घरांतील मुले आज अमेरिकेत आहेत. म्हणून तेथील कायद्याची एक बाब आपणांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे. मद्य घेऊन गाडी हाकणे निंद्यच. त्याची वकिली आम्ही करीत नाही. परंतु २०१५ साली तेथील परराष्ट्र खात्याने अशा नुसत्या अटकेवरूनही व्हिसा रद्द करण्याची वाट मोकळी केली. तेव्हा अटक सकारण होती काय, हा प्रश्न क्षुल्लक नव्हे.

तोंडास वास येणे निराळे आणि नशेत असणे निराळे. गाडी वाकडीतिकडी चालली, जीभ अडखळली, पाय लटपटले, अशा खुणा एकत्र आल्या म्हणजे आधार बळकट होतो.

१९९६ च्या ऑर्नेलास खटल्यात (तो मद्याचा नव्हे, अमली पदार्थांचा, पण कसोटी तीच) सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, खालच्या न्यायाधीशाने शाबीत धरलेल्या घटना उघड चूक असल्याखेरीज बदलू नयेत, त्यांवरून पुरेसे कारण सिद्ध होते काय, हे मात्र नव्याने तपासावे. म्हणजे वास आला होता काय, हा वाद अपिलात बहुधा संपलेला असतो. तेवढ्यावर अटक टिकते काय, हा जिवंत असतो.

मात्र पुरावा वगळण्याचा अर्ज खटल्यापूर्वीच द्यावा लागतो. तेथे मौन पाळणाऱ्यास अपिलाचे दार बहुधा बंद. शिवाय अटक बेकायदा ठरली म्हणून आरोपी आपोआप सुटत नाही. गळतो तो तिच्यातून मिळालेला श्वासाचा वा रक्ताचा पुरावा. त्यानंतर सरकारपक्षाजवळ पुष्कळदा फारसे उरत नाही, ही गोष्ट निराळी!