घरांचं गणित आणि बावखलाची हद्द

मंडळी, पत्रिकेत विषय भारदस्त छापलाय, ‘शहराची वाढहद्द आणि निवासी जमिनीची गरज’. माझं मागणं साधं आहे. पुढच्या वीस वर्षांत वसई-विरारला घरांसाठी किती जमीन लागणार, हा हिशेब मराठीत एका पानावर मावला पाहिजे आणि वॉर्डात उभं राहून कुणालाही वाचून दाखवता आला पाहिजे.

फादर दिब्रिटोंचं हरित वसई आंदोलन, १९९० साली नियोजन प्राधिकरण म्हणून आलेली सिडको, २००९ ची महापालिका, तिच्यातून गावं वगळण्याचा लढा हे सगळं तुम्ही जगलात; ते पुन्हा सांगत नाही. एवढंच लक्षात घ्या, की २००१ ते २०२१ साठीचा आराखडा मंजूर झाला २००७ साली. सहा वर्षं मंजुरीआधीच गेली. (समोरून : ‘उरलेली टँकरच्या रांगेत!’ हशा)

हसा, पण आराखडा मागे राहतो आणि माणसं पुढे जातात, तोच मुद्दा आहे. नालासोपारा पूर्वेला अग्रवाल नगरीतल्या एक्केचाळीस इमारती २०२५ च्या सुरुवातीपर्यंत पाडल्या. आराखड्यात तिथे सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमी होती. जागेवर अडीच हजारांच्या आसपास कुटुंबं राहत होती. ती घरं बेकायदा होती, मान्य. पण माणसं खरी होती, आणि ती कुणाच्याच हिशेबात नव्हती. २०२१ ची जनगणना झालीच नाही. मग निवासी पट्टा किती, हे ठरवायचं कशावरून?

असा हिशेब दुसरीकडे मांडतात. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात १९७३ च्या कायद्यापासून शहरांना वाढीची हद्द आखावी लागते आणि आत वीस वर्षं पुरेल इतकी निवासी जमीन दाखवावी लागते. तिथेही हिशेब किचकट होत गेला, म्हणून २०१३ साली विधिमंडळाने सोप्या पद्धतीची वाट मोकळी केली. आपलं पान असं असू शकतं : समजा एक लाख माणसं वाढणार. घरटी चार धरली तर पंचवीस हजार घरं. पाच हजार आजच कुलूपबंद असतील तर ती वजा. उरली वीस हजार. हेक्टरी शंभर धरली तर दोनशे हेक्टर. रस्ते, शाळा, मैदानं खाली वेगळ्या ओळीत. आकडे बदला, पण रीत सगळ्यांना दिसू द्या.

आणि हे गणित मांडण्याआधी पाण्याची हद्द आखा. इथे मला बावखलाबद्दल, म्हणजे आपल्या गावांतल्या खोदलेल्या तळ्याबद्दल, बोलायचंच आहे. भुईगाव, गास, निर्मळकडची मंडळी बसलीत, त्यांना ठाऊक आहे. पूर्वजांनी माती काढली, ती वाडीत टाकून जमीन उंच केली, आणि खड्ड्यात पावसाचं पाणी धरलं. किनाऱ्याच्या या पट्ट्यात गोडं पाणी खाऱ्यावर थरासारखं तरंगतं. बावखलातलं पाणी मुरतं, थर टिकतो, शेजारच्या विहिरीचं पाणी पिता येतं, केळी आणि पानवेली जगतात. बावखल बुजवलं आणि टँकरसाठी उपसा वाढवला की खारं पाणी वर सरकतं. टँकरविरोधी आंदोलन उगाच पेटलं नव्हतं. आज बावखलात भराव पडतो, वर गाळे उठतात, आणि जुलै २०१८ सारखा पाऊस आला की रूळ बुडतात, मिठागरातली माणसं अडकून पडतात. त्या पुरानंतर नीरी आणि आयआयटीच्या समितीने पुराचं पाणी धरून ठेवणारे धारण तलाव सुचवले. अहो, आपल्याकडे ते तयारच होते! (टाळ्या)

चिठ्ठी आली आहे, पाचच मिनिटं उरली. प्रश्नोत्तरांचा वेळ मी खाल्ला, पण एक आरोप आधीच खोडतो. मला घरं नकोत, असं नाही. विरारमध्ये रमाबाई अपार्टमेंट ऑगस्ट २०२५ मध्ये कोसळली, सतरा जीव गेले. परवडणारं कायदेशीर घर मिळत नाही, तेव्हा माणूस अशा बेकायदा इमारतीत जातो. म्हणून तर घरांसाठी जमीन हवीच. पण किती आणि कुठे, हे मोजून हवी.

नवा आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांची मुदत सुरू होईल, नियोजन समितीपुढे सुनावणी होईल. हरकतीत दोनच गोष्टी लिहा : निवासी क्षेत्राचा हिशेब एका पानावर जाहीर करा, आणि सोबत जोडलेल्या नकाशात दाखवलेलं आमचं बावखल आराखड्यात घ्या. नमुना दारापाशी टेबलावर ठेवलाय. सर्व्हे नंबर मात्र ज्याचा त्याने भरायचा.