मुलाखतीच्या आधीची दोन वर्षं



औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत शिकवणाऱ्यांच्या या संमेलनाचं अध्यक्षपद तुम्ही एका फिटरच्या निदेशकाला दिलंत, याबद्दल मी तुमचा ऋणी आहे. स्पर्धेच्या नोकरबाजारासाठी मुलांची तयारी, हा विषय मला दिला आहे. त्यातली एकच गोष्ट मला सलते, तिच्याविषयी बोलतो. निवड कशी व्हावी याचीच तयारी आपण मुलांकडून करून घेतो आहोत, आणि निवड झाल्यावर जे काम करायचं ते शिकवणं मागे पडत चाललं आहे.

स्पर्धा किती आहे हे तुम्हाला सांगायला नको. 2024 च्या पोलीस भरतीत सुमारे 17 हजार जागांसाठी 17 लाखांहून अधिक अर्ज आले. त्याच्या आदल्या वर्षी तलाठ्यांच्या साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले होते. या गर्दीत आपली मुलंही आहेत. ट्रेड पूर्ण करून गावी परततात, पहाटे 1600 मीटर पळतात आणि दिवसभर अभ्यासिकेत बुद्धिमत्ता चाचणी सोडवतात. मी त्यांना नावं ठेवणार नाही. घरी कोरडवाहू जमीन, बहिणीचं लग्न राहिलेलं, आणि कारखान्यात ठेकेदारामार्फत लागलं तर वर्ष भरायच्या आत कमी करणार, हे ठाऊक असलेल्या मुलाला कायमची नोकरी हवीशी वाटणारच.

पण त्यांना एक गोष्ट नीट समजावून सांगायला हवी. रेल्वेच्या सहायक लोको पायलट भरतीत दुसऱ्या टप्प्याच्या परीक्षेचे दोन भाग असतात. ‘ब’ भागात ट्रेडवरचे 75 प्रश्न येतात आणि त्यात 35 टक्के गुण मिळवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. म्हणजे सरकारी नोकरीच्या वाटेवरही ट्रेड आडवा येतो. तीन वर्षं अभ्यासिकेत काढलेल्या मुलाच्या डोक्यातून तोवर थ्रेडचे प्रकार आणि फिटचे नियम निघून गेलेले असतात.

आता चाकण, रांजणगाव, वाळूज किंवा अंबडच्या कारखान्यात काय होतं ते बघू. चांगला सुपरवायझर गुणपत्रिका वरवर चाळतो. मग टेबलावर एक ड्रॉइंग ठेवतो, मायक्रोमीटर देतो, एखादा तयार पार्ट पुढे सरकवतो आणि म्हणतो, “मोजून सांग, हा पास होईल का?” पहिल्या वर्गात आलेली मुलं इथे अडखळतात. ड्रॉइंगमधला टॉलरन्स वाचता येत नाही. मायक्रोमीटरचा झीरो एरर आधी बघायचा असतो, हे पाठ असतं, पण हात तिकडे जात नाही. दहा-बारा मुलांत एक मायक्रोमीटर असेल आणि तोही कपाटात कुलूपबंद असेल, तर सवय लागणार कशी?

अभ्यासक्रमात वर्षाला 840 तास प्रात्यक्षिकासाठी धरलेले आहेत. फिटरची दोन वर्षं मिळून ते 1680 तास होतात. हा वेळ थोडा नाही. तो खरोखर मुलांच्या हातात जातो का, हा माझा प्रश्न आहे.

इथे मी थोडा रेंगाळतो, कारण “सीएनसीच्या जमान्यात कानस कशाला घासायची?” असं मला मुलंही विचारतात आणि पालकही. कानस घासताना मूल काय शिकतं? एक बाजू घासायची, गुण्या लावायचा, उजेडाकडे धरायचा, फट दिसली की पुन्हा घासायचं. माप जवळ आलं की हात हलका करायचा, कारण जास्त गेलेलं लोखंड परत आणता येत नाही. मेल-फीमेल जोडणीत एका तुकड्यातली चूक दुसऱ्यात उघडी पडते. हा मुलगा पुढे व्हीएमसीसारख्या सीएनसी मशीनवर उभा राहिला आणि पन्नासाव्या पार्टचं माप सरकलं, तर टूल झिजलं की जॉब नीट बसला नव्हता याचा तो विचार करतो आणि मग ऑफसेट बदलतो. नुसता जॉब चढवणारा-उतरवणारा ऑपरेटर चार दिवसांत दुसरा मिळतो. कारण शोधणारा सेटर मिळत नाही, ही तक्रार इथे बसलेल्या अधिकाऱ्यांनी माझ्याकडे वारंवार केली आहे.

म्हणून विद्यार्थ्यांनो, प्रत्येक जॉबची एक नोंद ठेवा. ड्रॉइंगमध्ये माप किती होतं, तुमचं किती आलं आणि फरक का पडला, एवढंच लिहा. मोबाइलवर फोटो काढून ठेवा. रंग लावलेला मागच्या वर्षीचा जॉब पुढे करू नका. बिघडलेला चालेल, पण तुमचा हवा. ही वही मुलाखतीला घेऊन जा. बायोडाटा एका पानाचा पुरे. इंग्रजीची धास्ती घेऊ नका, मशीनवरचा अलार्म आणि मॅन्युअलमधली सूचना वाचता येईल एवढं आधी कमवा, बाकीचं कामावर येतं.

पहिली नोकरी शोधताना चार रुपये कमी मिळाले तरी खरी ॲप्रेंटिसशिप मिळत असेल तर ती घ्या. तिच्या शेवटी परीक्षा आहे, राष्ट्रीय प्रमाणपत्र आहे आणि वेगवेगळ्या विभागांत फिरून शिकायची संधी आहे. ॲप्रेंटिस कायदा 1961 पासून आहे. आजच्या नियमांप्रमाणे 30 किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेवर मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेण्याचं बंधन आहे.

उद्योगांच्या प्रतिनिधींना माझी विनंती आहे की, शिकाऊ उमेदवाराला वर्षभर एकाच पॅकिंग लाइनवर उभं करू नका. त्याला टूल रूम दाखवा, मेंटेनन्समध्ये पाठवा. आमचे निदेशकही वर्षातून काही दिवस तुमच्या शॉपफ्लोअरवर येतील, त्यांना गेटवर थांबवू नका. आणि फिटर, मशिनिस्ट झालेल्या मुलींना घेताना दुसरी पाळी सुटल्यावरच्या बसची सोय आधी करा. कामाला नाही म्हणणाऱ्या मुली मला फारशा भेटल्या नाहीत. रात्री अकरा वाजता एमआयडीसीतून खोलीवर कसं पोचायचं, हे त्यांच्या वडिलांनी विचारलं आणि उत्तर मिळालं नाही, म्हणून घरी राहिलेल्या मात्र अनेक भेटल्या. दुपारच्या सत्रात ठरावांवर चर्चा आहे. त्यात मायक्रोमीटरच्या खरेदीचा आणि या बसचा ठराव सर्वांत आधी घ्यावा, अशी सूचना मी अध्यक्ष म्हणून मांडतो.