यल्लमाची परडी

मार्गशीर्षातील पौर्णिमा जवळ आली की हुबळी-धारवाडच्या रस्त्याची कळा पालटते. नवनगरच्या वसाहतीवरून धारवाडकडे जाणाऱ्या बसगाड्यांत कपाळभर भंडारा लावलेल्या बाया दिसू लागतात. पलीकडच्या खेड्यांतून तर बैलांना झुली घालून चक्कड्या अजूनही निघतात. ही सारी मंडळी धारवाडपासून सुमारे चाळीस किलोमीटरवर असलेल्या सौंदत्तीच्या डोंगराकडे, यल्लमाच्या दर्शनाला चाललेली असतात. देवस्थान कन्नड मुलखातले. परंतु कोल्हापूर आणि सांगलीकडचा मराठी बोलणारा शेतकरी तिला परकी मानीत नाही. डोंगरावर उठणारा 'उदो'चा घोष तर दोन्ही भाषांत जवळजवळ एकच आहे.

या देवतेची ओळख करून घ्यावयाची तर आधी तिच्या भक्ताच्या डोक्यावर आणि हातात काय आहे ते पाहावे. डोक्यावर असतो तो 'जग'. टोपलीत बसविलेला देवीचा मुखवटा, भोवती खणसाडी आणि मागे मोरपिसांचा झुबका, असे त्याचे रूप. विश्वाला जो शब्द तोच या टोपलीला कसा मिळाला, याचा उलगडा पंडितांनी करावा; जोगतिणीला मात्र त्यात काही नवल वाटत नाही. हातात असते परडी. घरोघर फिरून मागितलेला जोगवा तिच्यात पडतो. गळ्यात कवड्यांची माळ. कवडी समुद्रातली आणि हा डोंगर कोरड्या मुलखातला. पण एके काळी कवडी हे गरिबाचे नाणे होते, हे ध्यानात घेतले म्हणजे ते अंतर तितके दूरचे वाटत नाही. काखेत धरून तार छेडावयाचे चौंडके आणि त्याला साथ करणारे तुणतुणे, एवढ्यावर जोगत्यांचा मेळा रात्र जागवितो.

यल्लमा म्हणजेच रेणुका, जमदग्नींची पत्नी आणि परशुरामाची माता. ती रोज मलप्रभेच्या काठी कच्च्या वाळूची घागर घडवी, सापाची चुंबळ करी आणि पाणी घेऊन आश्रमात येई. एके दिवशी जलक्रीडेतील राजपुरुष पाहून तिचे मन क्षणभर विचलित झाले आणि घागर घडेना. पतीच्या आज्ञेवरून पुत्रानेच तिचा शिरच्छेद केला, आणि मिळालेल्या वराने तिला पुन्हा उठविले, अशी ही कथा. माहूरला रेणुकेच्या केवळ मुखाचीच पूजा होते. सौंदत्तीच्या वाटेवरील जगातही मुखवटाच असतो. जिची परीक्षा डोक्यावरच्या घागरीने झाली, ती भक्तांच्या डोक्यावरूनच गावोगाव हिंडते.

माहूरचा प्रसाद कुटलेल्या विड्याचा. सौंदत्तीचा थाट शेतकऱ्याच्या चुलीचा. डोंगराच्या माळावर तीन दगडांची चूल मांडून पुरणपोळी, कडबू, भात, भाज्या रांधतात. ते अन्न परडीत भरून तिच्याभोवती सारे कुटुंब बसते, भंडारा उधळून देवीचे नाव घेते आणि मग जेवते. याला कन्नडमध्ये पडलगी भरणे म्हणतात. कोल्हापूरचे यात्रेकरू परतले की तेथील ओढ्यावरच्या रेणुकेच्या मंदिरात आंबील यात्रा भरते. ज्वारीची आंबील, घुगऱ्या, वडी-भाकरी, मेथीची व वांग्याची भाजी, गाजर, कांद्याची पात असा तो नैवेद्य. थंडीच्या दिवसांत त्या रानात जे पिकते तेच देवीच्या पानावर येते. मोठमोठ्या देवस्थानांतील छप्पन्न पक्वान्नांपेक्षा या आंबिलीत अधिक अर्थ आहे.

बांगड्यांचा प्रकार मात्र इतका साधा नाही. मार्गशीर्षातील पौर्णिमेला 'रांडाव पुनव' म्हणतात. जमदग्नींचा वध झाला, देवी विधवा झाली, म्हणून तिच्या नावाने वाहिलेल्या स्त्रिया त्या दिवशी हातातील बांगड्या फोडीत. माघातील 'अहेव पुनवे'ला देवीचे सौभाग्य परत येते आणि नवा हिरवा चुडा भरला जातो. दोन पौर्णिमांमधल्या या काळात देवीचे दुःख तिच्या बाया अंगावर वागवीत. पण ज्या स्त्रीचे लग्नच कोणा मनुष्याशी झालेले नाही, तिने वैधव्य कोणाचे पाळावे?

हे वाहणे होत असे ते लाल-पांढऱ्या मण्यांच्या माळेने. कन्नडमध्ये त्याला मोती बांधणे म्हणत. घरात मुलगा नाही, आजार हटत नाही, किंवा मुलीच्या केसांत जट आली, एवढे निमित्त पुरे होई. न विंचरलेल्या, न धुतलेल्या केसांचा गुंता तो. पण त्याला देवीचे बोलावणे समजून अजाण मुलीच्या गळ्यात मणी पडत. पुढे तिच्या वाट्याला येई ती परडी, आणि पुष्कळदा कोणा धनवंताचे घर किंवा शहरातील कुंटणखाना. ही मुले बहुतेक दलित आणि भूमिहीनांची असत, ही गोष्ट देवीच्या इच्छेने समजावून सांगता येत नाही. देवदासींच्या संरक्षणाचा मुंबई इलाख्याचा कायदा १९३४ सालचा. धारवाड आणि बेळगाव त्या वेळी याच इलाख्यात होते. तरीही कर्नाटकाला १९८२ मध्ये आणि महाराष्ट्राला २००५ मध्ये नवे कायदे करावे लागले. मुलीला वाहणे हा आता गुन्हा आहे. त्या विधीत हजर राहणारे आईबापही त्यातून सुटत नाहीत.

नवसाने अंगाला केवळ लिंबाचा पाला गुंडाळून देवीपुढे जाण्याची रीतही शासनाने आणि समाजसेवकांनी मिळून बंद पाडली. आता नेसत्या वस्त्रावरच लिंबाचा डहाळा धरतात. देवीने त्याबद्दल कोप केल्याचे ऐकिवात नाही. जटेचेही तसेच. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते घरच्यांची समजूत घालून कात्री चालवितात. वर्षानुवर्षांचे ओझे मानेवरून उतरते, आणि ती बाई मान दोन्ही बाजूंना वळवून पाहते.

जुन्या जोगतिणींपैकी कित्येक जणी आज म्हाताऱ्या झाल्या आहेत. काहींना सरकारी निवृत्तिवेतन मिळते, काहींना कागदपत्रांअभावी मिळत नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांची परडी अजून दारात येते. घरची सून पसाभर जोंधळे घालते, वाकून नमस्कार करते, आणि भंडाऱ्याचे बोट कपाळाला लावून घेते. तिच्या मागे उभी असलेली लहान मुलगीही कपाळ पुढे करते. म्हातारी तिला भंडारा लावते आणि विचारते, "शाळेत जातीस न्हवं?"